पणतीवरून पणती

हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या वाडीवर वा तांड्यावर बाळंतपण, लसीकरण वा ताप असो, प्रथम आठवते ती आशाताई. ही योजना २००५ ची. परंतु तिची वाट त्याआधीच मळली होती.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य जामखेडला आले. शिकलेल्या परिचारिका खेड्यांत राहिनात. तेव्हा त्यांनी गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. मुक्ताबाई पोळ त्यांतल्याच. १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत त्या म्हणाल्या, की वरची झुंबरे सुंदर खरी, पण महाग, आणि जागची हलत नाहीत. मग त्यांनी एक पणती लावली व तिच्यावरून दुसरी उजळली.

हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये झाला. त्याच वर्षी डॉ. मेबल निवर्तल्या, २०११ मध्ये डॉ. रजनीकांत. त्यांचे स्मरण आपण आदराने करतो. मात्र दारोदार फिरलेल्या सेविकेला आपण त्यांच्या चरित्रातील तळटीप मानतो. ही सवय आपण मोडली पाहिजे. निदान आपल्या दारी येणाऱ्या आशाताईचे नाव तरी आपल्याला ठाऊक असावे.