नाक्यापलीकडचे लग्न : कनेरगाव नाका आणि सीमाभागातील लग्नखर्चाचा इतिहास

मोजक्या पाहुण्यांना सोबत घेऊन परदेशात लग्न लावण्याची पद्धत अलीकडच्या काळात मराठी मध्यमवर्गात दिसू लागली असली, तरी दुसऱ्या राज्यसत्तेच्या मुलखात जाऊन सोयरीक करणे, त्यासाठी दुसऱ्या नाण्यात व्यवहार करणे आणि किती माणसे न्यायची याचा अंदाज आधीच बांधणे या गोष्टी महाराष्ट्राच्या सीमाभागाला मुळीच नव्या नाहीत. हिंगोली-वाशीम रस्त्यावरील कनेरगाव नाका हे गाव आज मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सांध्यावर आहे. मात्र जवळजवळ एक शतकभर याच सांध्यावर दोन वेगळ्या राज्यव्यवस्थांची हद्द होती आणि गावाच्या नावातला नाका त्या हद्दीची खूण आहे. या हद्दीने दोन्ही बाजूंच्या लग्नांच्या हिशोबावर जो भार टाकला, तो सामाजिक इतिहासात फारसा नोंदला गेलेला नाही.

ही हद्द एका थकलेल्या खर्चातून जन्माला आली. हैदराबादच्या निजामाने पोसावयाची, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेली फौज, म्हणजे हैदराबाद कंटिंजंट, हिचा पगार थकल्यामुळे 1853 च्या तहान्वये वऱ्हाड प्रांताचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. त्या फौजेची एक छावणी हिंगोलीतच होती. पुढे 1902 मध्ये लॉर्ड कर्झन आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यात करार होऊन वऱ्हाड वार्षिक 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिले आणि 1903 मध्ये ते मध्य प्रांताच्या कारभाराला जोडण्यात आले. नावापुरते निजामाचे, परंतु प्रत्यक्षात ब्रिटिशांच्या अमलाखालचे असे वऱ्हाडातील वाशीम एका बाजूला आणि निजामाच्या परभणी जिल्ह्यातील हिंगोली दुसऱ्या बाजूला, अशी ही रचना होती. दोन्हीकडे बोली, सणवार, आडनावे आणि कुळाचार यांत फारसे अंतर नसल्याने सोयरिकी हद्द ओलांडूनच होत राहिल्या. राज्यकर्त्यांनी आखलेली रेषा नातेसंबंधांनी कधी मानली नाही, मात्र त्या रेषेचा खर्च नातेवाइकांनाच सोसावा लागला.

या खर्चाचे स्वरूप समजण्यासाठी आधी लग्नाची याद म्हणजे काय ते पाहावे लागते. सोयरीक ठरल्यावर दोन्ही पक्षांची वडीलधारी माणसे एकत्र बसून देण्याघेण्याची जी लेखी यादी करीत, तिला याद म्हणत. हुंडा किती, वरदक्षिणा किती, नवरीच्या अंगावर दागिने कोणते व किती तोळ्यांचे, बस्ता, म्हणजे लग्नाच्या कापडचोपडाची खरेदी, कोणी बांधायचा, मानपानाची लुगडी कोणाकोणाला, वाजंत्री कोणाकडची आणि वऱ्हाडी मंडळी किती येणार, हे सारे तिच्यात कलमवार येत असे. याद ही मोठ्या घराण्यांतही होती. सवाई माधवराव पेशव्यांच्या 1783 मधील लग्नासाठी नाना फडणिसांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या व्यवस्थेच्या याद्या इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहेत. परंतु शेतकऱ्याच्या घरी याद हीच खर्चाला घातलेली मर्यादा होती, कारण जे कलम लिहिले नाही ते मांडवात मागता येत नसे, आणि मागितलेच तर पंचांसमोर कागद ठेवता येत असे. हुंड्यासारखी अन्यायाची रूढी याच कागदाने पक्की केली हे खरे आहे आणि त्याचे समर्थन करता येणार नाही; तरीही अमर्याद मागणीपेक्षा लिहिलेली मागणी वधुपित्याला अधिक सुरक्षित होती, हेही नाकारता येत नाही.

नाक्याच्या दोन्ही बाजूंना हीच याद अधिक अवघड होत असे, कारण रकमेचा आकडा लिहून भागत नसे, ती रक्कम कोणत्या नाण्यात ते लिहावे लागे. हैदराबाद संस्थानात हाली सिक्का, म्हणजे संस्थानाचे स्वतःचे चालू नाणे होते, तर वऱ्हाडात कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला ब्रिटिश रुपया चालत असे. त्यांचा सर्वसाधारण भाव 7 हाली रुपयांना 6 कलदार रुपये असा होता. सरकारी हिशोबात 100 कलदार म्हणजे 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. यादीत नुसते 350 रुपये लिहिले गेले आणि हिंगोलीकडच्या वधुपित्याने ते हाली समजले, तर वाशीमकडच्या व्याह्याच्या हाती प्रत्यक्षात 300 कलदार पडत. व्याह्याने मात्र 350 कलदारच हवेत असा आग्रह धरला, तर वधुपित्याला 408 रुपये 5 आणे 4 पै हाली मोजावे लागत, म्हणजे एकाच कलमावर 58 रुपयांहून अधिक फरक पडे. हा फरक जेवणावळीत काटकसर करून भरून निघण्यासारखा नव्हता. त्यातच सराफाचा बट्टा, म्हणजे नाणे बदलून देण्याचा मोबदला, वेगळा होता.

नाण्यामागोमाग करोडगिरीचा प्रश्न येई. करोडगिरी म्हणजे हैदराबाद संस्थानाच्या हद्दीवर आयात-निर्यात मालावर घेतली जाणारी जकात. इंग्रज आणि निजाम यांच्यातील 1802 च्या व्यापारी तहापासून तिचा सर्वसाधारण दर किमतीच्या शेकडा 5 असा राहिला होता. म्हणून बस्ता कोणत्या बाजूच्या बाजारात बांधायचा, हा आवडीनिवडीचा नव्हे तर हिशोबाचा प्रश्न ठरत असे. पलीकडच्या दुकानात कापड थोडे स्वस्त असले, तरी जकात आणि बट्टा जमेस धरल्यावर ती स्वस्ताई टिकेलच असे नव्हते. प्रवासाचा भागही लहान नव्हता. पूर्णेहून हिंगोलीपर्यंत रेल्वे 1912 मध्ये आली, परंतु हिंगोलीच्या पुढे वाशीम-अकोल्याकडे रूळ जाण्यास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. तोवर वऱ्हाडी मंडळींना बहुतेक बैलगाड्यांवरच अवलंबून राहावे लागे. चातुर्मासात लग्ने होत नसल्याने पैनगंगेच्या पुराची अडचण टळत असे, पण उन्हाळ्याच्या तिथींना वैरण आणि पाणी यांची सोय मुक्कामाच्या गावी करावी लागे. गाड्या किती जुंपायच्या, यावरच माणसे किती न्यायची ते ठरे. आज पाहुण्यांची संख्या हा लग्नखर्चाचा पाया मानला जातो. सीमाभागातील कुटुंबांना ते अनुभवाने ठाऊक होते.

हा सारा पैसा येत कोठून होता, याचे उत्तर केवळ सावकार असे देणे अपुरे ठरेल. आहेर ही परस्परांना दिलेली दीर्घ मुदतीची उचल होती. कोणी किती रुपये, कोणते लुगडे, कोणते भांडे दिले याची नोंद आहेराच्या वहीत होई आणि देणाऱ्याच्या घरी कार्य निघाले की तितक्याच किंवा थोड्या चढ्या मोलाचा आहेर परत करणे बंधनकारक समजले जाई. भाऊबंद धान्य घालीत, कुंभार मडकी देई, परीट पायघड्या अंथरी, आणि त्यांचा हक्क धान्यात व कापडात चुकता होई. लग्न परक्या मुलखात असले की या व्यवस्थेचा बराचसा आधार गावातच मागे राही आणि जे गावात धान्यावर भागे, त्यासाठी रोख रक्कम लागे. नाक्यापलीकडचे लग्न महाग पडण्याचे खरे कारण जकातीपेक्षाही हे होते.

शेतकरी लग्नात उधळपट्टी करतो म्हणून कर्जबाजारी होतो, हे मत एकोणिसाव्या शतकातील अधिकाऱ्यांनी वारंवार मांडले. पुणे व अहमदनगर भागातील सावकारांविरुद्धच्या 1875 च्या दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगाने मात्र तपासाअंती असा निष्कर्ष काढला, की लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले गेले आहे. रयतेच्या ऐपतीच्या मानाने तो जास्त असला तरी असे प्रसंग क्वचितच येतात. हा निष्कर्ष मराठवाड्यातील नसला तरी तेथेही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दुसऱ्या दिशेने महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन करून, पुरोहिताविना आणि अत्यल्प खर्चात लग्न लावण्याचा मार्ग त्याच वर्षी प्रत्यक्षात आणला. तो केवळ खर्च कमी करण्याचा उपदेश नव्हता, तर खर्च कोणाच्या सांगण्यावरून होतो हा प्रश्न त्यामागे होता.

हद्दीने कायदाही वेगळा केला होता. मुलीचे वय 14 आणि मुलाचे 18 पूर्ण असावे असा दंडक घालणारा बालविवाह प्रतिबंधक कायदा, म्हणजे शारदा कायदा, 1929 मध्ये संमत होऊन 1 एप्रिल 1930 पासून ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाला. संस्थानी मुलखाला तो लागू नव्हता. त्यामुळे लहान मुलांची लग्ने संस्थानी हद्दीत नेऊन लावण्याची पळवाट देशभर निर्माण झाली, आणि ती बुजवण्यासाठी 1938 च्या दुरुस्तीने ब्रिटिश प्रजाजन हिंदुस्थानात कोठेही असला तरी कायदा त्याला बांधील धरतो असे ठरवले. खर्च वाचवण्यासाठी नव्हे, तर मुलींचे हक्क डावलण्यासाठी हद्द ओलांडली गेली, ही या इतिहासाची काळी बाजू आहे. आजचा 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदाही भारताबाहेरील भारतीय नागरिकांना लागू होतो, तो याच अनुभवाच्या वाटेने.

15 ऑगस्ट 1947 ते 17 सप्टेंबर 1948 या तेरा महिन्यांत हैदराबाद संस्थान भारतात सामील न झाल्याने कनेरगावची हद्द अक्षरशः परदेशाची हद्द बनली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिलढ्यात करोडगिरीचे नाके हे सत्याग्रहींचे आणि सशस्त्र तुकड्यांचे लक्ष्य होते, कारण शेतकऱ्याला निजामाची सत्ता रोज भेटत असे ती नाक्यावर. भारत सरकारच्या पोलीस कारवाईने संस्थान सामील झाल्यानंतर करोडगिरी आणि हाली सिक्का दोन्ही 1950 च्या दशकात टप्प्याटप्प्याने संपले, 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा झाला, आणि नाका केवळ गावाच्या नावात उरला.

परदेशातील लहान लग्नाचा आजचा हिशोब मांडताना हीच कलमे पुन्हा समोर येतात. परदेशी पाठवायच्या रकमेवर रिझर्व्ह बँकेची प्रतिव्यक्ती दरवर्षी 2,50,000 अमेरिकी डॉलरची मर्यादा आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून 7 लाख रुपयांपुढील अशा रकमेवर 20 टक्के कर उगमापाशी गोळा होऊ लागला आणि एप्रिल 2025 मध्ये ती मर्यादा 10 लाखांवर नेण्यात आली. हा कर पुढे विवरणपत्रात वळता करून घेता येत असला, तरी ऐन लग्नाच्या वेळी तेवढी रोकड अडकून पडते. सोबतच्या दागिन्यांचा दाखला निघतानाच विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून घेतला नाही, तर परतताना स्वतःच्याच सोन्यावर शुल्काची विचारणा होऊ शकते. विवाहाची नोंद 1969 च्या परदेशी विवाह कायद्याखाली वकिलातीत करायची की आधी भारतात, हेही ठरवावे लागते. विमानाचे भाडे आणि खोल्यांचे दर सर्वजण विचारतात. चलनाचा फरक, कर आणि कागदपत्रे ही कलमे मात्र बहुतेक अंदाजपत्रकांत शेवटी येतात किंवा येतच नाहीत. जुन्या यादीत रक्कम कोणत्या नाण्यात, हे आधीच लिहावे लागे.

हिंगोली आणि वाशीम जिल्ह्यांतील ज्या घरांत लग्नाच्या याद्या, आहेराच्या वह्या आणि सराफांच्या चिठ्ठ्या अजून शिल्लक असतील, त्या घरांनी त्या रद्दीत घालू नयेत; त्यांची छायाचित्रे काढून जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे किंवा ग्रंथालयाकडे द्यावीत. मोडीतील याद्या वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, त्यामुळे हे काम लवकर व्हायला हवे.