उच्चभ्रू उपाहारगृहातील वाइनसूचीचे मूल्यमापन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप
(विशेष संदर्भ : परभणी जिल्हा)

पंचतारांकित हॉटेलातील वाइनसूचीचे मूल्यमापन बहुधा रसिकतेच्या अंगाने केले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र ती कायदा व महसूल यांचा दस्तऐवज म्हणून वाचावी, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

परभणीच्या वाचकास ही दृष्टी परकी वाटू नये. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानच्या तिजोरीत अबकारी उत्पन्नाचा वाटा फार मोठा होता आणि शिंदी हा त्याचा एक प्रमुख आधार होता. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडे तोडणे हा लढ्याचा एक कार्यक्रम ठरला. त्याकडे केवळ मद्यनिषेध म्हणून पाहणे अपुरे आहे. झाडावरचा घाव तिजोरीवर बसत असे. पेय कोणते, त्याला परवानगी कोणाची आणि त्याचा पैसा कोठे जातो, हे प्रश्न त्या घावामागे होते. वाइनसूचीलाही तेच विचारावे लागतात.

मुंबईत १९०३ साली ताजमहाल हॉटेल सुरू झाले, तेव्हा अशा ठिकाणची वाइन म्हणजे युरोपातून आलेली वाइन. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने ही परंपरा खंडित केली. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आल्यानंतर हा कायदा येथेही लागू झाला. पुढे बंदी सैल होत गेली व ‘परमिट रूम’ हा शब्द मराठीत रुळला. महाराष्ट्रातील द्राक्षांची वाइन सूचीत मानाने येण्यास मात्र १९८० चे दशक उजाडले. नारायणगावच्या इंडेज कंपनीने शॅम्पेनच्या पद्धतीने फेसाळ वाइन तयार केली; २००० साली नाशिकच्या सुला कंपनीची वाइन बाजारात आली; २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून सवलती दिल्या. आजच्या सूचीतील देशी पान हे मुख्यतः या धोरणाचे अपत्य आहे.

आता प्रत्यक्ष परीक्षण. पहिली कसोटी हंगामाच्या वर्षाची. आपल्याकडे द्राक्षवेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास गोडी बहार छाटणी होते. फळ जानेवारी ते मार्चमध्ये उतरते. फ्रान्समध्ये तोडणी साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. त्यामुळे एकाच वर्षाचा आकडा असूनही नाशिकची वाइन फ्रेंच वाइनपेक्षा सहा-सात महिन्यांनी जुनी असते. ताजेपणीच प्यावयाच्या पांढऱ्या वाइनच्या बाबतीत हा फरक नगण्य नाही. वर्षच न छापणारी सूची, मग तिची बांधणी कितीही देखणी असो, सदोष समजावी.

दुसरी कसोटी नावाच्या प्रामाणिकपणाची. ‘पोर्ट’ हे पोर्तुगालच्या डौरो खोऱ्यातील वाइनचे नाव. त्या प्रदेशाची सीमा १७५६ साली आखली गेली. गोव्यातील स्वस्त गोड वाइनही हेच नाव लावते. सूचीने उगमस्थान स्पष्ट न लिहिल्यास ग्राहक नावाचे पैसे मोजतो.

किमतीचा उलगडा चवीने होत नाही. आयात वाइनवर २००७ मध्ये मूळ सीमाशुल्क १५० टक्के करण्यात आले. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारान्वये डिसेंबर २०२२ पासून तेथील महाग बाटल्यांवर ते कमी झाले. इतक्या शुल्कामुळे परदेशातील सामान्य बाटलीही येथे उंची भासते. म्हणून आयात व देशी वाइनची तुलना करताना शुल्क वजा करून पाहणे आवश्यक ठरते.

राहता राहिला शेतकरी. २००८ नंतरच्या मंदीत वाइनची मागणी घटली आणि अनेक बागायतदारांना वाइनच्या जातींच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीस मान्यता देण्याचा निर्णय घेतला, तोही फळउत्पादकांच्या हिताचा दाखला देऊन. त्यास तीव्र विरोध झाला. वाइनसूचीत कंपनीचे नाव असते, द्राक्षाची जात असते, क्वचित जिल्हाही असतो. ज्या गावच्या मळ्यातून ते द्राक्ष आले, त्या गावाचे नाव सहसा आढळत नाही.