गोवर आणि बुळकांडीच्या घराण्यातला आजार

आज बचतीचं, हप्त्याचं काही बोलणार नाही. आज एका आजाराचा इतिहास सांगणार आहोत. त्याचं नाव डिस्टेंपर. हसू नका, आम्हीही हसलो होतो. डिस्टेंपर म्हणजे दिवाळीआधी भिंतीला लावायचा रंग, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कुत्र्यांना होणारा एक आजारही त्याच नावाचा आहे, हे आम्हाला खंड्यामुळे कळलं.

खंड्या हा आमच्या गटातल्या आजींचा कुत्रा. शेळ्यांची राखण करणारा. तो थकला म्हणून आजींनी बाजाराच्या गावाहून दोन पिल्लं आणली. पिल्लं शिंकत होती, पण कुणी मनावर घेतलं नाही. आणली ती थेट खंड्याच्याच ताटलीत जेवायला बसवली. आठ दिवसांत पिल्लांच्या डोळ्यांत चिपडं आली, नाकातून घट्ट शेंबूड वाहू लागला, जुलाब लागले. दोन्ही गेली. मग खंड्याचं अंग तापलं, खाणं सुटलं, आणि एके दिवशी त्याचा जबडा आपोआप चावल्यासारखा हलायला लागला. तोंडाला फेस आला. झालं! आळीत ओरड उठली, "पिसाळला, काठ्या आणा."

आजी दारात आडव्या उभ्या राहिल्या. आम्ही चौघी त्यांच्या बाजूला. खरं सांगायचं तर भीती आम्हालाही वाटत होती. तालुक्याच्या पशुवैद्यक डॉक्टरांना बोलावलं. पिल्लांची हकिकत ऐकून, खंड्याला लांबून नीट पाहून ते म्हणाले, "लक्षणं डिस्टेंपरची दिसतात. तो माणसाला होत नाही. पण पिसाळण्याची शंका पूर्ण जाईपर्यंत याच्या तोंडाजवळ कुणी हात नेऊ नका." ज्या दोघींच्या हाताला ओरखडे होते आणि पिल्लांची लाळ लागली होती, त्यांना त्यांनी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात पाठवलं. आम्ही विचारलं, "औषध काय?" ते म्हणाले, "या विषाणूला मारणारं औषध नाही. सेवा करा, जगला तर जगला."

हे ऐकून आम्हाला राग आला. एवढं जग पुढे गेलं आणि औषध नाही? मग आम्ही पुस्तकं धुंडाळली, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारलं. जे समजलं ते तुम्हाला सांगतो.

आपल्या गावात दोन आजारांची नावं अजून भीतीने घेतात. लेकरांचा गोवर आणि गुरांची बुळकांडी. डिस्टेंपर हा या दोघांच्याच घराण्यातला. तिघांचे विषाणू जवळचे नातलग. माणसाने गुरं पाळली, गुरांच्या अंगणात तो राहू लागला, तेव्हा बुळकांडीच्याच पूर्वजापासून गोवर माणसात आला असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. डिस्टेंपरच्या स्पष्ट नोंदी मात्र १८व्या शतकापासूनच्या. त्या आधी दक्षिण अमेरिकेत आणि मग युरोपात सापडतात. गोऱ्या लोकांबरोबर समुद्रापार गेलेला गोवरच तिथल्या कुत्र्यांत रुजला आणि बदलला, असाही एक तर्क आहे.

१८०९ साली या आजाराचं बारकाईने वर्णन एका इंग्रज डॉक्टरने छापलं. त्यांचं नाव एडवर्ड जेन्नर. होय, देवीची लस शोधणारे तेच. त्यांची लस १८०२ मध्ये मुंबईत आली आणि आपल्या देशात ती सगळ्यात आधी टोचली गेली ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्या जेन्नरांनी डिस्टेंपरबद्दल लिहिलं की हा देवी-गोवरासारखाच एकापासून दुसऱ्याला लागतो. म्हणजे आजारी जनावर वेगळं ठेवावं, हे शहाणपण दोनशे वर्षांपूर्वीच कागदावर आलं होतं. आम्ही मात्र शिंकणारी पिल्लं खंड्याच्या ताटलीत बसवली.

आता बुळकांडीकडे येऊ. गुरं पटापट मरत, शेत नांगरायला बैल उरत नसे. म्हणून इंग्रज सरकारने १८८९ साली जनावरांच्या रोगांवर प्रयोगशाळा काढली, ती आपल्या पुण्यात. पुढे १८९३ साली ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. तिथेच १९२०च्या दशकात एडवर्ड्स नावाच्या शास्त्रज्ञाने बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमधून नेत नेत सौम्य केला आणि त्याची लस केली. गुरांच्या लशीत शेळीचा असा वाटा आहे, हे ऐकून आमच्या आजी खूश झाल्या. नंतर वॉल्टर प्लाउराइट यांनी केनियात आणखी चांगली लस तयार केली. गावोगाव लसीकरण झालं आणि २०११ साली बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने मुळासकट संपवलेला हा दुसरा रोग.

डिस्टेंपरची वाट जास्त लांबली. १९०५ साली फ्रान्सच्या आंरी कारे यांनी आजारी कुत्र्याच्या नाकातला स्राव इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यातून जिवाणू जाऊच शकत नाहीत. तरी त्या गाळलेल्या पाण्याने दुसरं कुत्रं आजारी पडलं. म्हणजे कारण विषाणू. पण पुढची वीस वर्षं अनेकांनी ते मानलं नाही.

मग जे घडलं ते आपल्याला फार जवळचं आहे. १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये 'द फील्ड' नावाच्या मासिकाने वाचकांकडून, कुत्री पाळणाऱ्यांकडून वर्गणी गोळा केली. त्या पैशांवर लंडनजवळच्या मिल हिल इथे पॅट्रिक लेडलॉ आणि जॉर्ज डंकिन यांनी काम सुरू केलं. फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यालाही हा आजार होतो, हे त्यांनी वापरून घेतलं. आवारात जाणाऱ्या प्रत्येकाला अंघोळ करून, कपडे बदलून आत जावं लागे, म्हणजे बाहेरचा आजार आत येऊ नये. त्यांनी कारे यांचं म्हणणं खरं ठरवलं आणि दशक संपता संपता लस तयार केली. याच अनुभवामुळे १९३३ साली लेडलॉ आणि त्यांच्या सोबत्यांनी फेरेटच्याच मदतीने माणसाच्या फ्लूचा विषाणू शोधला. कुत्र्यांसाठी दिलेली वर्गणी माणसांच्याही कामी आली. पुढे नातं उलट दिशेनेही उपयोगी पडलं. आईच्या दुधातून मिळालेल्या शक्तीमुळे लहान पिल्लांना डिस्टेंपरची लस लागू पडत नाही, म्हणून कित्येक वर्षं त्यांना गोवराची लस देत.

हा आजार फक्त कुत्र्यापुरता नाही. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत सुमारे हजार सिंह त्याने गेले, म्हणजे तिथल्या सिंहांपैकी जवळपास एक तृतीयांश. त्यानंतर जंगलाभोवतीच्या गावांतल्या कुत्र्यांना लस द्यायला सुरुवात झाली. २०१८ साली आपल्या शेजारी गुजरातमध्ये, गीरच्या दलखाणिया भागात २३ सिंह मेले आणि तपासणीत त्यांच्यातल्या काहींमध्ये हाच विषाणू निघाला.

आता खंड्याकडे वळू. दोनशे वर्षांचा इतिहास वाचूनही शेवटी डॉक्टरांचंच म्हणणं खरं ठरलं. विषाणू मारणारं औषध नाही, शरीराला लढायला वेळ मिळवून देणं आपल्या हातात. आजींनी तेच केलं. खंड्याला गोठ्यापासून दूर, सावलीत बांधलं. त्याची ताटली, गोणपाट वेगळं. सेवा करणारी एकटी आजीच, हातमोजे घालून. कोमट पाण्याच्या कापसाने डोळे पुसायचे, तेही मागून, तोंडापासून हात लांब ठेवून. उलटी थांबली की मीठ-साखरेचं पाणी, मग पातळ पेज. जबरदस्तीने पाजायचं नाही, ठसका लागून छातीत जातं. झटका आला की हात लावायचा नाही, आजूबाजूचं सामान तेवढं हलवायचं. छातीत दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलेली इंजेक्शनं चुकवली नाहीत. जागा रोज साबणाच्या पाण्याने धुतली, गोणपाट उन्हात टाकलं. हा विषाणू ऊन आणि साबण यांपुढे फार टिकत नाही.

तीन आठवड्यांनी खंड्या उठला. मागचा एक पाय अजून फडफडतो, तो बहुतेक तसाच राहील. पण रात्री शेळ्या चुळबुळल्या की भुंकतो तो खंड्याच.

गटाच्या बैठकीत कुत्र्यांच्या लशीचा विषय निघाला तेव्हा वाद झाला. "कर्जं थकलीत आणि कुत्र्यांवर खर्च?" असं एक ताई म्हणाल्या. त्यांचं चूक नव्हतं. गटाच्या पैशाला हात न लावता ज्यांच्या घरी राखणीचं कुत्रं आहे त्यांनी वर्गणी काढायची, असं ठरलं. वाद घालणाऱ्या ताईंनीही दिली.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा. नवं पिल्लू आणलं की निदान दोन आठवडे वेगळं ठेवा. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस, मग चार महिन्यांचं होईपर्यंत डॉक्टर सांगतील तशा पुढच्या. पिसाळण्याची लस वेगळी, डिस्टेंपरची वेगळी, एकीने दुसरीचं काम होत नाही. आणि कुठलंही कुत्रं चावलं तर पंधरा मिनिटं साबणाने जखम धुऊन थेट दवाखाना गाठा, मग गाव काहीही म्हणो.

बुळकांडी गेली ती घरटी लस पोहोचली म्हणून. डिस्टेंपर अजून आहे. आपल्या आळीपुरतं तरी त्याला दाराबाहेर ठेवणं आपल्याला जमण्यासारखं आहे.