शकुंतला इंग्रजांची नव्हती, मग कुणाची होती?

यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजवरची रील तुम्ही पाहिली असेलच: भारतातली ही एकच रेल्वे, जिचे पैसे आजही इंग्रजांना जातात म्हणे. ऐकायला चटकदार आहे, पण गाडी बंद का पडली हे त्यातून कळत नाही.

मुंबईच्या किलिक निक्सन या गोऱ्या पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. अडीच फुटी रूळ टाकले ते वऱ्हाडच्या कापसासाठी. यवतमाळ, दारव्हा, कारंजा इथल्या जिनांमधली रुई ११३ किलोमीटरवरच्या मूर्तिजापुरात यायची. तिथे गाठी उतरवायच्या, मोठ्या गाडीत चढवायच्या आणि मुंबईला धाडायच्या. कापूस जहाजाने बाहेर जायचा. या गाडीला पुढे सत्तर वर्षं ओढणारं वाफेचं इंजिन मात्र मँचेस्टरहून इकडे आलं. १९२१ ची बनावट, १९२३ पासून कामावर. १५ एप्रिल १९९४ ला ते थांबलं आणि डिझेल आलं.

कंपनीने गाडी स्वतः चालवली नाही. आधी जीआयपी आणि १९५१ नंतर मध्य रेल्वे ती चालवायची, उत्पन्नातला वाटा कंपनीला द्यायची. बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या, हा करार मात्र तसाच राहिला. किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकांकडे गेली. म्हणजे पैसा लंडनला जात होता ही गोष्ट निदान त्या काळाबद्दल तरी खरी नाही.

माझ्या मते खरी गोम वेगळीच आहे. जुनं भाड्याचं घर आठवा: मालक डागडुजी करत नाही आणि भाडेकरू म्हणतो, दुसऱ्याच्या भिंतीवर मी कशाला खर्च करू? रूळ झिजले, तसा वेग कमी झाला. कापूस ट्रकने जाऊ लागला. घाईतला प्रवासी एसटीकडे वळला. उरले ते स्वस्त तिकिटासाठी वेळ मोजणारे: मजूर, बाजाराला निघालेल्या बाया, लाडखेड-लाखसारख्या गावांतले लोक. अशा प्रवाशांसाठी कुणी रूळ बदलत नाही.

२०१६ मध्ये रेल्वेमंत्री सुरेश प्रभूंच्या काळात ब्रॉडगेजची घोषणा झाली. त्याच दशकात गाडी थांबली. रुळांत झुडपं उगवली, लोकांनी आंदोलनं केली.

दरम्यान वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा-कळंब टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. त्या मार्गाच्या नकाशात दारव्हा आहे. कारंजा नाही.