ठिणगी किती आधी?

जुन्या अमेरिकी मसल कारचं टायमिंग लावताना मेकॅनिक बॉनेटखाली वाकून इंजिनाच्या पुढच्या टोकाकडे बघत असतो. क्रँकशाफ्टच्या बॅलन्सरवर एक खाच असते, तिच्यात पांढरा रंग भरलेला. टायमिंग लाइटचा चिमटा पहिल्या सिलिंडरच्या प्लग वायरीला लावलेला. प्लगमध्ये ठिणगी पडली की दिवा लखलखतो, आणि मिनिटाला सातशे-आठशे फेरे मारणारी ती खाच जागच्या जागी थबकलेली दिसते. शेजारच्या पट्टीवर अंश वाचायचे, डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा, पुन्हा वाचायचे. शेव्हरोलेच्या ४५४ घन इंचांच्या बिग ब्लॉक या मोठ्या व्ही-एट इंजिनाला आयडलवर ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या साधारण दहा अंश आधी लागते, आणि फेरे तीन हजारांच्या घरात गेले की सगळं मिळून छत्तीस ते अडतीस.

बिग ब्लॉकबद्दल लिहिणारे बहुधा हॉर्सपॉवरवर लिहितात. मला त्याहून या अंशांचं कूळ मोलाचं वाटतं, कारण ही इंजिनं इतकी मोठी आणि इतकी तापट का झाली आणि पुढे अचानक का थंडावली, हे त्यातूनच कळतं.

पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये एकदम उडत नाही, जळतं. ज्योत प्लगपाशी जन्मते आणि पसरत भिंतीपर्यंत जाते. त्याला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वेगात क्रँकशाफ्ट दर मिलिसेकंदाला अठरा अंश फिरतो. म्हणजे पिस्टन वर पोचल्यावर ठिणगी टाकली, तर जळण पुरं होईतो तो बराच खाली उतरलेला असेल आणि उष्णता नुसती सायलेन्सरमधून निघून जाईल. म्हणून ठिणगी आधी टाकायची. सगळ्यात जास्त दाब पिस्टनने माथा ओलांडून साधारण पंधरा अंश खाली आल्यावर यावा, असा हा हिशेब. ४५४ च्या सिलिंडरचा व्यास सव्वाचार इंच. ज्योतीला लांब जायचं असतं, म्हणून तिला निघायलाही लवकर लागतं.

सुरुवातीच्या मोटारींत हा हिशेब चालवणाऱ्याच्या हातात होता. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला ठिणगीचा दांडा असे आणि उजव्या बाजूला थ्रॉटलचा. हँडल मारण्याआधी डावा दांडा पार मागे घ्यायचा. तो विसरला, तर इंजिन उलटा फटका देई आणि हँडल धरणाऱ्याचं मनगट मोडे. गाडी पळू लागली की दांडा पुढे, चढ लागला की पुन्हा थोडा मागे.

पुढच्या गोष्टीत वारंवार येणारा माणूस म्हणजे ओहायो राज्यातला चार्ल्स केटरिंग. गल्ल्याच्या कॅश रजिस्टरला त्याने विजेची मोटर बसवली होती. १९०९ मध्ये एडवर्ड डीड्सबरोबर त्याने डेल्को ही कंपनी काढली, आणि तिचं बॅटरीवर चालणारं इग्निशन १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आलं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचाच विजेचा स्टार्टर आला आणि मनगटं वाचली. त्याच्या इग्निशनची रचना फार देखणी आहे: पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो, कॅम त्यांना उघडतो, प्रवाह तुटतो, आणि तुटण्याच्या त्या क्षणी कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उभे राहून प्लगमध्ये ठिणगी पडते. १९७० च्या ४५४ मध्ये हेच पॉइंट होते, आणि आपल्याकडच्या अँबॅसडर आणि पद्मिनीतही. जनरल मोटर्सने १९५७ पासून व्ही-एटच्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाला एक छोटी खिडकी दिली. इंजिन चालू ठेवून तिच्यातून ॲलन की घालायची आणि पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन तीस अंशांवर आणायचा. टायमिंगला हात लावायचा तो त्यानंतर, कारण पॉइंटची गॅप बदलली की टायमिंगही हलतं.

पण केटरिंगच्या इग्निशनवर एक आळ आला. इंजिनावर जोर आला की आतून खडखडाट ऐकू येई, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. वरच्या गिअरमध्येच पद्मिनी घाटात रेटणाऱ्या प्रत्येकाने तो ऐकला आहे. गॅरेजमध्ये त्याला नॉकिंग म्हणतात. प्रतिस्पर्धी म्हणू लागले की दोष बॅटरीच्या ठिणगीचा आहे. केटरिंगला ते पटत नव्हतं. त्याच्या घरगुती वीज-संचांची केरोसीनवर चालणारी इंजिनं तर फारच वाजत. १९१६ मध्ये त्याच्याकडे आलेल्या थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरला त्याने हा आवाज शोधायला बसवलं.

मिजलीला दिसलं की गडबड ठिणगीनंतर होते. ज्योत पसरत असताना पुढचं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि ज्योत पोचायच्या आधीच स्वतःहून पेट घेतं. दाबाचा तो झटका पिस्टनवर आणि भिंतींवर आदळतो. आळ इग्निशनवरून इंधनावर गेला.

मग जे घडलं ते विज्ञानाच्या इतिहासातल्या मला सर्वांत आवडणाऱ्या चुकांपैकी एक आहे. केरोसीन पेट्रोलपेक्षा जास्त का वाजतं? दोघांना एक रानफूल आठवलं. त्याची पानं तांबूस असतात आणि ते बर्फ असतानाच फुलतं. लाल रंग उष्णता जास्त शोषत असेल, तर लाल केरोसीनची लवकर वाफ होईल, असा तर्क. मिजली तेलात विरघळणारा लाल रंग शोधायला गेला. तो मिळाला नाही, आयोडीन मिळालं. ते घातलं आणि खडखडाट थांबला. मग खरे लाल रंग आणून घातले, तर काहीच फरक पडेना. आयोडीनचं रंगहीन संयुग घातलं, तर पुन्हा थांबला! रंगाचा काही संबंध नव्हता. सबंध तर्क चुकीचा होता, आणि तरी त्याने दार उघडलं: इंधनात चिमूटभर काही मिसळून नॉकिंग थांबवता येतं.

आयोडीन महाग, शिवाय धातू खाणारं. ॲनिलिन झालं. सेलेनियम आणि टेल्युरियम झालं, पण त्यांची दुर्गंधी अंगाला चिकटून राही. मूलद्रव्यांच्या कोष्टकात सरकत सरकत ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथाइल लेडची पाळी आली आणि इंजिन शांत झालं. गॅलनभर पेट्रोलला त्याचे काही थेंब पुरत. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात हे पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. नाव ठेवलं होतं इथिल. त्या नावात शिसं कुठेच नव्हतं.

अल्कोहोलही नॉकिंग थांबवतं हे या मंडळींना ठाऊक होतं. पण अल्कोहोल कुणालाही गाळता येतं, त्यावर मक्तेदारी मिळण्यासारखी नव्हती. शिशाच्या मिश्रणावर होती. शिसं विषारी आहे हे तर रोमन काळापासून माहीत होतं. १९२३ च्या आरंभी खुद्द मिजली शिशाच्या विषबाधेने रजेवर होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले, झटके येऊ लागले. पाच जण मेले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजलीने पत्रकारांसमोर या रसायनाने हात धुतले आणि ते हुंगून दाखवलं. हे वाचताना मला आजही राग येतो. ज्याने इतक्या निर्मळ जिज्ञासेने सुरुवात केली, त्यालाच आपण काय विकतो आहोत हे चांगलं कळत होतं. यॅन्डेल हेन्डरसन आणि ॲलिस हॅमिल्टन या शास्त्रज्ञांनी उघड विरोध केला. १९२५ मध्ये विक्री थांबली, चौकशी झाली, आणि १९२६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

त्याच १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने नॉकिंग मोजायचं माप दिलं. सहसा न वाजणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १००, भरपूर वाजणाऱ्या हेप्टेनला शून्य. पंपावरचा ऑक्टेन आकडा तो हाच.

आता ठिणगीचे अंश, ऑक्टेन आणि कॉम्प्रेशन एकमेकांत अडकले. मिश्रण जितकं दाबून जाळावं तितकं तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम मिळतं, पण दाबलं की ते तापतं आणि वाजतं. शिशामुळे दाबायची मुभा मिळाली. १९४७ मध्ये केटरिंगने १२.५ कॉम्प्रेशनचं, म्हणजे मिश्रण साडेबारा पटीने दाबणारं, प्रायोगिक इंजिन इंजिनिअरांपुढे मांडलं. तेव्हाच्या साध्या गाड्या साडेसहा-सातवर चालत. १९४९ मध्ये ओल्ड्समोबील आणि कॅडिलॅकची नवी व्ही-एट आली. कॉम्प्रेशन सव्वासात-साडेसात एवढंच, पण उद्याच्या पेट्रोलसाठी ते वाढवता येईल अशी भक्कम घडण. बिग ब्लॉकचं कूळ इथून फुटतं. प्रत्येक कंपनीने आपापला वंश वाढवला. क्रायस्लरने १९६४ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत आपल्या ४२६ हेमीच्या बळावर पहिल्या तिन्ही जागा घेतल्या.

शेव्हरोलेने १९६३ च्या डेटोनात एक अनोळखी ४२७ उतरवलं होतं आणि सगळ्यांना चकित केलं होतं. १९६५ मध्ये त्याचा रस्त्यावरचा अवतार ३९६ घन इंचांत आला. त्याचे व्हॉल्व्ह सरळ रांगेत नसून वेगवेगळ्या कोनांत तिरपे रोवलेले होते, त्यामुळे मिश्रणाला कमी वळणं पडत आणि इंजिन मोकळा श्वास घेई. १९७० मध्ये आलेल्या ४५४ च्या एलएस-सिक्स अवताराचं कॉम्प्रेशन ११.२५ आणि जाहीर ताकद ४५० हॉर्सपॉवर. त्याआधी १९६७ ते १९६९ या तीन वर्षांत कॉर्व्हेटमध्ये एल-८८ मिळत होतं, कॉम्प्रेशन १२.५. केटरिंगचा प्रयोगशाळेतला आकडा दुकानात आला होता. त्या गाडीत इशाऱ्याची चिठ्ठी असे: पेट्रोल किमान १०३ रिसर्च ऑक्टेनचं हवं, नाहीतर इंजिन बिघडेल. अशी अवघी २१६ कॉर्व्हेट बनली.

आणि मग सगळं उतरलं. १९६५ मध्ये भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसनने दाखवलं होतं की माणसाच्या शरीरातलं आणि भोवतालचं शिसं नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट झालं आहे. अमेरिकेत हवा शुद्ध ठेवण्याचा कायदा १९७० च्या शेवटच्या दिवशी मंजूर झाला. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर येणार होता, आणि शिसं त्याला निकामी करतं. जनरल मोटर्सचा अध्यक्ष एड कोल याने ठरवलं की १९७१ ची सगळी इंजिनं शिशाशिवायही मिळू शकणाऱ्या ९१ ऑक्टेनवर चालतील. बिग ब्लॉकची कॉम्प्रेशनं झरझर खाली आली. आपल्याकडे मुंबईत आणि इतर महानगरांत शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये आलं, २००० मध्ये ते देशभर झालं. मोटारींसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, त्याने २०२१ मध्ये ते थांबवलं. या इंजिनांवर माझं प्रेम आहे, आणि पेट्रोलमधून शिसं काढण्याचा अमेरिकेतला निर्णय चाळीस वर्षं आधी व्हायला हवा होता, असंही मी मानतो.

आज एलएस-सिक्स सांभाळणारा माणूस म्हणजे नाहीशा झालेल्या इंधनासाठी बनलेलं इंजिन मिळेल त्या इंधनावर चालवणारा माणूस. अमेरिकेतलं सर्वांत चढं साधं पेट्रोल जुन्या रिसर्च मोजमापात साधारण ९७-९८ ऑक्टेनचं. सव्वाअकरा कॉम्प्रेशनचं, लोखंडी हेडचं हे इंजिन त्यावर जोरात वाजतं. टायमिंग मागे घ्यावं तर ताकद जाते आणि इंजिन तापतं, कारण जळण उशिरा संपून उष्णता एक्झॉस्टकडे जाते. म्हणून जाणकार आधी खोलगट पिस्टन घालून कॉम्प्रेशन उतरवतात, किंवा उष्णता चटकन वाहून नेणारं ॲल्युमिनियमचं हेड बसवतात. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असलं तर मिश्रण पातळ पडतं, मग कार्बोरेटरचे जेट एक-दोन नंबर मोठे करावे लागतात. अंतिम आकडा मात्र रस्त्यावरच ठरतो. चढावर पूर्ण थ्रॉटल देऊन कान लावायचा, आवाज आला की दोन अंश मागे घेऊन पुन्हा चढायचं.

शिसं आणखी एक काम गुपचूप करत होतं. त्याचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये बसून दोघांना चिकटू देत नसे. तो गेल्यावर मऊ लोखंडाची सीट झिजून व्हॉल्व्ह आत बुडू लागतो, टॅपेटची गॅप आपोआप कमी होत जाते. वारंवार गॅप लावावी लागली की समजायचं, आणि हेड उतरवून कठीण धातूच्या सीट ठोकून घ्यायच्या.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी आणखी एक गोष्ट गेली. इंजिन ऑइलमधलं झिंक आणि फॉस्फरसही त्याला बाधतात, म्हणून २००४ पासून साध्या ऑइलमध्ये फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्के झाली. पण बिग ब्लॉकचे सपाट टॅपेट कॅमवर सरळ घासतात, आणि तिथे झिंकचाच थर त्यांना वाचवतो. म्हणून झिंक जास्त असलेलं ऑइल मागवावं लागतं. नवा कॅम बसवल्यावर पहिली वीस मिनिटं इंजिन आयडलवर सोडायचं नाही. फेरे दोन ते अडीच हजारांतच ठेवायचे, कारण कॅमला ऑइल मिळतं ते फिरत्या क्रँकवरून उडणाऱ्या तुषारांतून. त्यामुळे सुरू करण्याआधीच ड्रिलने ऑइल पंप फिरवून सगळीकडे दाब आणायचा, कार्बोरेटरच्या वाट्या पेट्रोलने भरायच्या, आणि पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून रोटर त्याच्या वायरीसमोर बसवायचा. म्हणजे पहिल्या स्टार्टरलाच इंजिन पेटतं, आणि नुसतं कोरडं घरघरवत बसावं लागत नाही.