चाकांवरचा संसार

दसऱ्याचे सोने लुटून झाले, दिवाळीच्या पणत्यांतले तेल सरत आले, की आमच्या गोदाकाठाला निराळ्याच पाहुण्यांची चाहूल लागते. आकाशकंदील अजून दारावर लटकत असतो आणि रस्त्याने ऊसतोडणीच्या टोळ्या येऊ लागतात. सायखेडा हे निफाड तालुक्यातील बाजाराचे गाव. पलीकडच्या काठावर चांदोरी, मध्ये गोदावरीचा पूल. या पुलावरून जाणारे संसार मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पूर्वी ते बैलगाडीतून जात, आता बहुधा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून किंवा ट्रकमधून जातात. तळाशी पत्र्याची पेटी आणि बाजरीचे पोते, वर कोपीचे तट्टे आणि बांबू, एका कोपऱ्यात डालग्याखाली कोंबडी, आणि या सगळ्यावर विराजमान झालेले एखादे शेंबडे पोर! अलीकडे त्यात एक नवी भर पडली आहे. दोरांनी करकचून बांधलेली मोटारसायकलही संसाराबरोबर गावाला निघालेली दिसते.

वाचकांना हसू येईल, परंतु हाच प्रश्न घेऊन माझा भाचा यंदा माझ्याकडे आला होता. त्याला व त्याच्या मित्राला मोटारसायकलींवरून डोंगरदऱ्या हिंडण्याचा नाद. दोन मोटारसायकली वाहून नेईल, रात्री दोघांना पाठ टेकायला जागा देईल, आणि तरी लहानशा मोटारीमागे सहज चालेल, असा हलका गाडा त्याला बांधून घ्यायचा आहे. “मामा, असले काही आपल्याकडे कधी कोणी केले आहे का?” त्याने विचारले. मी म्हटले, “बाबा रे, आपल्याकडे दुसरे काय केले आहे?”

आणि खरोखरच गोष्ट तशी आहे. शे-दोनशे वर्षांपूर्वी दख्खनेत माल वाहिला जाई तो प्रामुख्याने बैलांच्या पाठीवरून. वंजारी-लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन घाट चढत-उतरत. एक बैल पाठीवर शंभर-सव्वाशे किलो वाही, म्हणजे आजची एक साधी मोटारसायकल म्हणा ना! गाडे होते, पण ते ओबडधोबड आणि भरीव चाकांचे. ओढायला बैलांच्या अनेक जोड्या लागत आणि पावसाळ्यात ते चिखलात रुतून बसत.

या स्थितीत पालट झाला तो 1836 च्या सुमारास. इंदापूर भागात तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमीन-मोजणी व सारा-आकारणी चालू होती. त्या कामावर असलेल्या गेसफोर्ड नावाच्या अधिकाऱ्याने सोलापूरकडच्या टेंभुर्णीस गाड्यांचा कारखाना काढला आणि एका बैलजोडीने ओढता येईल अशी हलकी गाडी घडवून घेतली. कागदावर आकारणी केली तरी शेतकऱ्याचा माल बाजारापर्यंत पोहोचला पाहिजे, नाहीतर सारा यायचा कोठून? सरकारी दूरदृष्टीत थोडा स्वार्थही होता, हे उघड आहे. पण गाडी चांगली होती, आणि ती हळूहळू दख्खनभर पसरली. 1865 साली थळघाटातून आगगाडी धावू लागली, तेव्हा आमच्याकडच्या शेतकऱ्याचा माल स्टेशनावर नेऊन टाकायला हीच गाडी कामास आली.

या गाडीचे रहस्य चाकात आहे. मध्ये बाभळीचा तुंबा, त्यातून निघालेले आरे, त्यांच्या टोकांवर पाट्यांचे कडे, आणि भोवती लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा किंचित लहानच करतात. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होते, प्रसरण पावते, मग चाकावर बसवून वर पाणी ओततात. निवताना ती आवळते आणि सारे सांधे एकजीव करते. लाकूड कमी, बळकटी अधिक! भरीव चाकाचे वजन गेले ते या युक्तीने.

विलायतेत काय चालले होते म्हणाल, तर तिकडे 1885 साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टर-लेखकाने केवळ हौसेखातर ‘वाँडरर’ नावाचा फिरता बंगला बांधून घेतला. आत पुस्तके आणि गाद्यागिरद्या. ओढायला दोन घोडे, आणि पुढे रस्ता मोकळा करायला तीनचाकी सायकलवर स्वार झालेला नोकर. थाट मोठा, पण भरल्यावर वजन सुमारे दोन टन. चढ आला की घोड्यांची दमछाक. हौसेच्या गाड्याचे पहिले दुखणे वजनाचेच होते.

आपल्याकडे पुढचा टप्पा आला तो विसाव्या शतकात, रबरी चाकांचा. कंपनीच्या नावावरून लोक तिला ‘डनलॉप गाडी’च म्हणू लागले. साध्या गाडीत एक टनाच्या आत-बाहेर माल जाई. टायरच्या गाडीत तीच बैलजोडी दीड-दोन टन ऊस ओढू लागली. 1950 मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पुढे आमच्या भाऊसाहेबनगरसह ठिकठिकाणी कारखाने निघाले, आणि टायरगाडी साखरधंद्याचा कणाच बनली.

येथेच मला थांबावेसे वाटते. चाक हलके झाले, त्याचा लाभ कोणाला झाला? बैलाला झाला नाही. जेवढे ओझे सुसह्य झाले, तेवढे वर चढवले गेले. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीसारख्या ‘मागासलेल्या’ विषयाला आयुष्याची कित्येक वर्षे दिली. जोखडाने सोललेल्या माना आणि बेसुमार भार यांकडे त्यांनी देशाचे लक्ष वेधले. आणि तोडणीवाल्याला तरी काय मिळाले? गाडीतली जागा उसाची. त्याच्या संसाराला उरली ती तट्ट्याची कोपी, जी अर्ध्या दिवसात उभी राहते आणि तितक्याच वेळात मोडते. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. माणसाचे नावसुद्धा हलके करून घेतलेले! त्या कोपीत लेकरे वाढतात, आणि शाळेचे अर्धे वर्ष उसाच्या फडात जाते.

म्हणून भाच्याला मी सांगितले ते एवढेच. आधी वजन मांड. साधी मोटारसायकल शंभर-सव्वाशे किलोची, बुलेट दोनशेच्या घरातली. दोन बुलेट चढवल्यास तर चारशे किलो तिथेच झाले. बिछाना, पाणी, भांडी निराळी. मग तोल पाहा. आपला गाडीवान ओझे मागे जास्त झाले की ‘गाडी उलाळते’ म्हणतो, आणि पुढे फार झाले तर ते बैलांच्या मानेवर येते. मोटारीमागच्या गाड्याचा न्यायही तोच: एकूण भाराचा सुमारे दहावा हिस्सा पुढच्या आकड्यावर यावा. मागे जड झालेला गाडा वेगात शेपूट हलवू लागतो आणि मोटारीलाही घेऊन जातो. आणि वर छप्पर पत्र्याचे कशाला? कोपीसारखे उभारता-मोडता येणारे कापडी कर.

शेवटची गोष्ट मात्र कोणा मिस्त्रीला विचारून कळणार नाही. गाडा हलका झाला म्हणून त्यात आणखी काही कोंबायचे नाही. मर्यादा ठरव, ती गाड्यावर रंगाने लिहून ठेव आणि पाळ. मोटार बैलासारखी हंबरत नाही, एवढाच फरक.

भाचा सध्या लोखंडी नळ्यांचे भाव विचारीत फिरतो आहे. आणि पुलावरून टोळ्या येऊ लागल्या आहेत. वाचकहो, फराळाचे डबे अजून रिकामे झाले नसतील. यंदा तुमच्या गावाबाहेर एखादी कोपी उभी राहिली, तर एक डबा तिकडेही जाऊ द्या.