कॅलिफोर्नियातील धूरनियंत्रण आणि परराज्यातील मोटारसायकल : नोंदणीच्या एका अटीचा इतिहास

प्रस्तावना

संघराज्यात्मक व्यवस्थेत एका राज्यातील वाहन दुसऱ्या राज्यात नेऊन नोंदविणे ही सर्वसाधारणपणे कागदोपत्री बाब समजली जाते. मालकीचा पुरावा दाखवावा, कर भरावा आणि नवा क्रमांक घ्यावा, एवढेच तिचे स्वरूप असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्य मात्र या रीतीला अपवाद ठरले आहे. तेथील रहिवाशाने शेजारच्या नेवाडा किंवा ॲरिझोना राज्यातून सुस्थितीतील मोटारसायकल रीतसर विकत घेतली, परंतु खरेदीच्या वेळी तिच्या ओडोमीटरवर ७,५०० मैलांपेक्षा (सुमारे १२,०७० किलोमीटर) कमी आकडा असला आणि ती कॅलिफोर्नियाच्या मानकांनुसार प्रमाणित नसली, तर काही मोजके अपवाद वगळता तिची नोंदणी होत नाही. ही अट वरवर पाहता तांत्रिक वाटते. तिच्या मुळाशी मात्र हवेची शुद्धता, राज्यांची स्वायत्तता आणि नागरिकांचा मुक्त संचार यांतील जुना ताण आहे. प्रस्तुत लेखात या ताणाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

लॉस एंजेलिसचा धूर

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिस शहरावर डोळ्यांची आग करणारे दाट धुरकट आवरण पसरले. युद्धाचे दिवस असल्याने हा शत्रूचा विषारी वायूहल्ला असावा, अशी शंकाही काही नागरिकांना आली. प्रारंभी दोष कारखान्यांना देण्यात आला. १९४७ मध्ये परगण्याच्या पातळीवर हवा प्रदूषण नियंत्रण विभाग स्थापन झाला, पण धूर हटला नाही. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील मूळचे डच जैवरसायनशास्त्रज्ञ एरी हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या संशोधनातून या कोड्याचा उलगडा केला. मोटारींतून बाहेर पडणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, हे त्यांनी दाखवून दिले. डोंगरांनी वेढलेले खोरे, भरपूर ऊन आणि वाढती मोटारसंख्या या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. धुराचा उगम कारखान्याच्या चिमणीपेक्षा नागरिकाच्या दारातील गाडीत अधिक होता, हे सत्य वाहन उद्योगाला सहजासहजी पचले नाही.

१९६६ मध्ये कॅलिफोर्नियाने धुरांड्यातून निघणाऱ्या वायूंसाठी अमेरिकेतील पहिली मानके ठरविली. १९६७ मध्ये राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी मलफोर्ड-कॅरेल कायद्यावर स्वाक्षरी केली आणि त्यातून हवा संसाधन मंडळ अस्तित्वात आले. हागेन-स्मिट हेच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने नव्या वाहनांच्या उत्सर्जनाचे नियम करण्याचा राज्यांचा अधिकार काढून घेतला. प्रत्येक राज्यासाठी निराळी मोटार बनवावी लागू नये, हा त्यामागील हेतू होता. तथापि ज्या राज्याने आधीच असे नियम केले होते, त्याला केंद्राच्या संमतीने अधिक कडक मानके ठेवण्याची मुभा देण्यात आली. ही पात्रता केवळ कॅलिफोर्नियाकडे होती. परिणामी अमेरिकेच्या बाजारपेठेत ‘कॅलिफोर्नियाची गाडी’ आणि ‘एकोणपन्नास राज्यांची गाडी’ असे दोन वर्ग निर्माण झाले.

भारतीय वाचकाला ही द्विस्तरीय व्यवस्था अगदीच अपरिचित नाही. एप्रिल २०१० पासून चारचाकी वाहनांसाठी भारत स्टेज ४ मानके मुंबई, पुणे आणि सोलापूरसह तेरा शहरांत लागू झाली आणि उर्वरित देशात काही काळ भारत स्टेज ३ चालू राहिली. जेथे मानकांना भौगोलिक सीमा असते, तेथे सीमेपलीकडून येणाऱ्या वाहनाचे काय करावे, हा प्रश्न अटळ असतो.

मोटारसायकलचा प्रवेश

दुचाकी या चौकटीत उशिरा आली. संघराज्याची मोटारसायकलविषयक पहिली उत्सर्जन मानके १९७८ च्या मॉडेलपासून लागू झाली. कॅलिफोर्नियाने पुढे आणखी एक पाऊल टाकले. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथे मोटारसायकलच्या टाकीतून आणि कार्ब्युरेटरमधून उडून जाणाऱ्या पेट्रोलच्या वाफेवरही मर्यादा आली. त्यामुळे तेथील मोटारसायकलींवर सक्रिय कोळशाने भरलेली एक डबी दिसू लागली. गाडी उभी असताना वाफ या कोळशात शोषली जाते आणि इंजिन चालू झाले की ती खेचून जाळली जाते. तेच मॉडेल इतर राज्यांत अनेकदा या डबीविना विकले जात असे.

कायद्याने मनाई केली होती ती प्रमाणित नसलेले ‘नवे’ वाहन राज्यात आणण्यास. मग नवे म्हणजे काय? विक्रेत्याने सीमेपलीकडे कागदावर विक्री दाखवून वाहन ‘जुने’ करून आणले, तर नियमाला अर्थ उरत नाही. ही पळवाट बंद करण्यासाठी ७,५०० मैलांचा आकडा घालण्यात आला. त्याहून कमी चाललेले वाहन कायद्याच्या दृष्टीने नवे समजावे असे ठरले, मग त्याचे पूर्वी कितीही मालक झालेले असोत. हा आकडा खरेदीच्या वेळचा धरला जातो. त्यामुळे ६,००० मैलांची गाडी घेऊन उरलेले अंतर स्वतः तोडण्याचा मार्ग उपयोगी पडत नाही. वेगळी डबी बसवूनही प्रश्न सुटत नाही, कारण प्रमाणपत्र सुट्या भागाला नसून उत्पादकाने चाचणीस उतरविलेल्या संपूर्ण वाहनाला असते आणि त्याची खूण म्हणजे सांगाड्यावरील उत्सर्जन-पट्टी.

हा आकडा मोटारसायकलला फारसा साजेसा नाही. अमेरिकेतील मोटार हे अंतर साधारणतः वर्षभराच्या आत पार करते. सुट्टीच्या दिवशी बाहेर काढली जाणारी मोटारसायकल मात्र दहा वर्षांनंतरही चार-पाच हजार मैलांवर असू शकते. अशी रंग विटलेली, तिसऱ्या मालकाच्या हातातील दुचाकी कायद्याला ‘नवी’ दिसते आणि दीड वर्षात भरपूर पळविलेली गाडी ‘जुनी’ म्हणून सुखरूप आत येते. वस्तुतः दुसरी पहिलीपेक्षा कमी धूर सोडते, असे मानण्यास कोणताही आधार नाही.

अपवादांतूनही बरेच उलगडते. दुसऱ्या राज्यातून कायमच्या वास्तव्यास आलेल्या व्यक्तीने तेथे स्वतःच्या नावे नोंदविलेले वाहन, वारसाहक्काने किंवा घटस्फोटाच्या निवाड्याने मिळालेले वाहन, तसेच राज्याबाहेर तैनात असलेल्या सैनिकाने तेथे नोंदविलेले वाहन यांना सूट आहे. म्हणजे मोटार वाहन खात्याच्या खिडकीवर वाहनाच्या यंत्रणेबरोबरच अर्जदाराच्या आयुष्याचीही चौकशी होते. त्याने घर कधी बदलले, कोण वारले, विवाह कसा संपला, यावर नोंदणी अवलंबून राहते. याच्या जोडीला एक विसंगती अशी की मोटारींना लागू असलेली नियतकालिक ‘स्मॉग चेक’ तपासणी कॅलिफोर्नियात मोटारसायकलींना लागू नाही. राज्यात प्रमाणित होऊन विकली गेलेली मोटारसायकल पुढे कशीही ठेवली, कोळशाची डबी काढून टाकली, तरी ठरावीक मुदतीने कोणी तिची तपासणी करीत नाही. सारा कडकपणा नोंदणीच्या एका क्षणात एकवटलेला आहे.

शुल्काचा वाद आणि त्यानंतर

परराज्यातील वाहनांविषयीचे हे धोरण एकदा न्यायालयीन कसोटीलाही लागले. १९९० पासून कॅलिफोर्नियाने बाहेरून आलेल्या, राज्याचे प्रमाणन नसलेल्या मोटारगाड्यांवर ३०० डॉलरचे ‘स्मॉग इम्पॅक्ट’ शुल्क आकारले. १९९९ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने ते आंतरराज्य व्यापाराबाबत भेदभाव करणारे म्हणून घटनाबाह्य ठरविले आणि पुढील वर्षी कायदा करून वसूल रक्कम परत देण्याची व्यवस्था झाली. प्रमाणनाची अट मात्र टिकली. वाहनाच्या मानकांमागे अमेरिकी काँग्रेसने दिलेली सवलत उभी होती, शुल्कामागे तसे बळ नव्हते. पैसे घेऊन प्रवेश देणे राज्याला जमले नाही. प्रवेशच नाकारणे जमले, आणि सामान्य खरेदीदाराच्या दृष्टीने दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक जाचक होती.

पुढील काळात मानकांमधील अंतर कमी झाले. कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये संमत केलेल्या नियमांनुसार मोठ्या मोटारसायकलींसाठी हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइडे यांची एकत्रित मर्यादा २००४ च्या मॉडेलपासून किलोमीटरला १.४ ग्रॅम आणि २००८ पासून ०.८ ग्रॅम झाली. संघराज्याच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हेच आकडे स्वीकारून ते अनुक्रमे २००६ आणि २०१० पासून देशभर लागू केले. त्यामुळे २०१० नंतर धुरांड्यापुरता या वर्गातील ‘एकोणपन्नास राज्यां’चा आणि कॅलिफोर्नियाचा भेद जवळजवळ संपला. उरला तो टाकीतील वाफेच्या नियंत्रणाचा आणि सांगाड्यावरील पट्टीचा. तरीही ७,५०० मैलांची अट कायम राहिली आणि नेवाड्यातून मोटारसायकल विकत घेणारा कॅलिफोर्नियाचा रहिवासी सौदा करण्यापूर्वी प्रथम ओडोमीटर पाहतो आणि मग वाकून सांगाड्यावरील ती पट्टी वाचतो.